वरचा डावा दुसरा

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरतं. अकरा वर्षं झाली,
तुर्कू नावाच्या गावात, नदीपासून तिसऱ्या गल्लीत,
तळघरात बसून मी दात कोरते.

आले तेव्हा कुणी बोलावलेलं नव्हतं.
ना एजंट, ना मावसबहीण, ना कंपनीचं पत्र.
कुताइसीच्या दवाखान्याचं एक प्रमाणपत्र,
मोज्यात गुंडाळलेली मेणाची सुरी,
आणि तीन महिने पुरतील असे वाटलेले
पण पाचव्या आठवड्यात संपलेले पैसे.

सेप्पोने प्रमाणपत्र पाहिलंच नाही.
मेणाचा गोळा पुढे सरकवला: दाढ कर.
केली. ती दिव्यापाशी नेऊन त्याने फिरवली
आणि "उद्या सात," एवढंच म्हणाला.
(हे इथलं भरघोस कौतुक असतं,
ते मला पुढे कळलं.)

पहिला हिवाळा तोंड न उघडता काढला,
दिवसभर लोकांची तोंडं भरत.
या भाषेला पंधरा विभक्ती.
दुकानात पाव मागताना दातखीळ बसायची,
मग बोट दाखवायचे.
परवान्याच्या कचेरीत बोट चालत नाही.
दर वर्षी तीच खुर्ची, तोच प्रश्न:
काम कायमचं आहे का?
दातांच्या कण्या केल्या मी तिथे,
मी, दातच करणारी.

आईला फोनवर सांगायचे, बरं चाललंय.
ती विचारायची, बरं म्हणजे किती?

सहाव्या वर्षी यंत्र आलं.
पांढऱ्या ठोकळ्यातून चौदा मिनिटांत दाढ,
न थकता, न शिंकता.
चौघे होतो, दोघे उरलो.
रीस्तो टॅक्सी चालवायला गेला, जाताना
आपलं स्टूल मला देऊन गेला.
त्याची उंची मी अजून बदललेली नाही,
पाय लोंबकळतात.

सेप्पो म्हणाला, एतेरी, हात चांगला आहे तुझा,
पण हात आता...
या लोकांना वाक्य अर्ध्यावर सोडता येतं.
मला अजून पुरं करता येत नव्हतं.

रात्री पडद्यावर दात घडवायला शिकले.
माउसने कंगोरे ओढायचे,
बोटांना काहीच लागायचं नाही,
त्याचीच जास्त चीड.
मग जुनी भट्टी हप्त्याने घेतली, सेप्पोचीच.
निवृत्तीच्या दिवशी त्याने किंमत सांगितली,
आणि कॉफी संपेपर्यंत स्वतःच अर्ध्यावर आणली.

यंत्राचा दात निर्दोष असतो,
म्हणून तर ओळखू येतो.
शेजारचा चाळीस वर्षं कॉफी प्यायलेला,
एकदा बर्फावर आपटलेला.
त्याच्या पंक्तीला बसवायचा
तर नव्याला थोडं वय द्यावं लागतं:
केसाएवढी चीर,
हिरडीजवळ जुन्या भांड्यासारखी एक सावली.
तेवढ्यासाठी आता तीन शहरांतून डबे येतात.
डब्यावर नाव नसतं,
रंगाचा आकडा असतो फक्त.

परवा नदीच्या होडीत एक म्हातारा
कुणाच्यातरी बोलण्यावर हसला
आणि मला दिसला, वरचा डावा दुसरा.
फेब्रुवारीतला. चीर माझीच.
मी इतकी रोखून बघत राहिले
की त्याने तोंड मिटलं.

अकरा वर्षं मला सगळे पंचमीत विचारतात:
कुठून? कुठून आलात?
ते उत्तर तोंडपाठ आहे, विभक्तीसकट.
म्हाताऱ्याने सप्तमीत विचारलं:
कामाला कुठे असता?

वाक्य येत होतं मला. गल्लीचं नाव,
तळघर, दोन पायऱ्या खाली, सगळं येत होतं.
पण हात आधी उठला
आणि मी बोट दाखवलं, त्याच्या तोंडाकडे.

होडी काठाला लागली, सायकली उतरल्या,
तरी तो तिथेच उभा,
दाताला जीभ लावून बघत.